दीड दिवसाची खिंड

३ मार्च

वही, माफ कर. जानेवारीत मिळालीस आणि पहिली ओळ आज लिहितोय. उशीर झाला खरा, पण दोष माझा नाही. आधी पेन सापडत नव्हतं. मग पेन होतं तर चष्मा नव्हता. मग दोन्ही होतं, पण विषय नव्हता.

ही वही शिंप्याने दिली. आमच्याच बिल्डिंगखाली त्याचं दुकान. कापडाच्या कंपनीने त्याला दोन वह्या पाठवल्या, एकीत तो गिऱ्हाइकांची मापं लिहितो. दुसरी मला देताना म्हणाला, तू विचार लिही, तुझ्याकडे बरेच साठलेत.

आता विषय आहे. शिंपी दुकान बंद करतोय. एप्रिलच्या मध्याला मुलीकडे राहायला जाणार, कायमचा. एकटा आहे, खोकला जात नाही, मुलगी ऐकत नाही. ही बातमी मला कंपाउंडरकडून कळली. चाळीस वर्षांची दोस्ती आणि बातमी कंपाउंडरकडून. ठीक आहे. ज्याला जायचं त्याने जावं. मला काही वाटलं नाही. दुपारी जेवलो नाही, ते पोट बरं नव्हतं म्हणून.

जाण्याआधी एकदा चौघांनी पाठीवर बॅगा टाकून कुठेतरी जायचं, असं शिंप्याच्या मनात आहे. उन्हाळा लागला की लगेच, ऊन तापायच्या आत. चौघं म्हणजे शिंपी, कंपाउंडर, वायरमन आणि मी. कुठे जायचं ते ठरायचंय. ठरवायला एक जाणता माणूस लागतो. तो मी.

संकल्प: रोज लिहिणे. रोज चालणे.

४ मार्च

चाललो नाही. चप्पल चावते.

पण महत्त्वाचं गणित केलं. लिफ्टमन म्हणून अडतीस वर्षं नोकरी झाली. ऑफिसची बिल्डिंग बारा मजल्यांची, म्हणजे छत्तीस मीटर. दिवसाला साठ फेऱ्या. वर्षाचे तीनशे दिवस. एकूण चढण चोवीस हजार सहाशे चोवीस किलोमीटर. दोनदा करून पाहिलं, तेवढंच आलं. एवढा उभा चढलेला माणूस आमच्या ग्रुपमध्येच काय, कुठेही नसेल.

हिला दाखवलं. ही म्हणाली, आणि तेवढेच खाली आलात. अहो, बेरीज शून्य झाली की.

बायकांना उंचीचं काही कळत नाही.

७ मार्च

शिंप्याच्या दुकानात मीटिंग. मी अध्यक्ष. तसं कुणी म्हटलं नाही, पण खुर्ची एकच होती आणि मी लवकर गेलो होतो.

कंपाउंडर म्हणाला, गरम पाण्याचे झरे बघू, गुडघ्यांना बरं. मी म्हटलं, गुडघे शेकायला जायचं तर घरी बादली आहे. वायरमन म्हणाला, जंगल. मी विचारलं, जंगलात बघायचं काय? तो म्हणाला, झाडं. त्यापुढे त्याला बोलता येईना. जन्मभर खांबावर एकटाच चढलेला माणूस, बोलायची सवय नाही.

शिंपी म्हणाला, तलाव. दोन तासांची सपाट वाट, काठावर तंबू टाकायचे, चौघांना जमेल. मी स्पष्ट सांगितलं, तलाव म्हणजे साचलेलं पाणी. माणूस इथून तिथे जाऊन साचलेलं पाणी बघत बसतो का?

मी खिंड सुचवली. पेपरात फोटो आला होता. तीन दिवसांची चढण, तीन हजार दोनशे मीटर उंच. माझ्या हिशेबाने दीड दिवसाची ड्यूटी. कंपाउंडर म्हणाला, वा कप्तान! तेव्हापासून तिघेही मला कप्तान म्हणतात. आदर मागून मिळत नाही, तो असा आपोआप मिळतो.

९ मार्च

झरे आणि जंगल बाद. तलाव की खिंड यावर मतदान. शिंप्याच्या बटणांच्या डब्यात गुप्तपणे बटण टाकायचं. पांढरं म्हणजे तलाव, काळं म्हणजे खिंड. मोजणी माझ्याकडे.

तिघांचे चेहरे बघूनच ओळखलं की हे पांढरं टाकणार. अशा वेळी पुढाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागते. सकाळीच मी जुन्या युनिफॉर्मच्या कोटाची तीन काळी बटणं ब्लेडने काढून खिशात ठेवली होती. मोजताना जरा पाठ वळवली.

निकाल जाहीर केला: खिंड चार, तलाव तीन. खिंड विजयी.

वायरमनने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याला खोकला आला. मग तो म्हणाला, चला, खिंड तर खिंड. मग चहा झाला.

१० मार्च

चार आणि तीन सात होतात, हे आज दाढी करताना लक्षात आलं. आम्ही चौघं.

कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तिघेही गणितात कच्चे.

१४ मार्च

शिंप्याच्या खोकल्याची चिंता वाटते. त्याची नव्हे, ट्रिपची. अशा खोकल्याने वर दम लागला की सगळ्यांना परत फिरावं लागणार. त्याला तोंडावर कसं सांगायचं? शिवाय ज्याला आपल्याला सोडून कायमचं जायचंय त्याने तीन दिवस बरोबर असलंच पाहिजे असंही काही नाही. आधीच गेला तर आधीच सवय होईल.

म्हणून परीक्षा. दहा किलोची बॅग पाठीवर घेऊन आमच्या बिल्डिंगचे आठ मजले जिन्याने चढायचे. वेळ वीस मिनिटं. नियमाचा कागद केला. पाचवा नियम मी मुद्दाम ठसठशीत लिहिला: जो नापास तो घरी. सवलत नाही. रडारड नको.

बिचारा शिंपी. तिसऱ्या मजल्यावर बसेल.

१५ मार्च

तिघांनी सह्या केल्या. वायरमनने विचारलं, तुझी सही? मी म्हटलं, मी परीक्षक. तो म्हणाला, परीक्षक खिंडीत येणार नाही वाटतं? वर्षातून एक वाक्य बोलतो आणि तेही असलं.

सही केली. माझा काय प्रश्न आहे?

१८ मार्च

सराव उद्यापासून. आज बुटांचा वास काढायला गॅलरीत ठेवलेत.

१९ मार्च

बूट ओले. हिने कुंड्यांना पाणी घातलं. माझ्या प्रगतीत घरातूनच अडथळे आहेत.

२१ मार्च

सराव केला. सहाव्या मजल्यावरून, म्हणजे आमच्याच दारातून, जिन्याने खाली गेलो. काहीच त्रास झाला नाही. खिंड उतरण्याचा प्रश्न मिटला. वर लिफ्टने आलो, कारण चढण्याचा अनुभव मुळातच आहे.

ही रोज भाजी घेऊन जिन्याने येते. लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होतं म्हणे. हौस एकेकाची.

२२ मार्च

शिंपी चौघांसाठी बॅगा शिवतोय, जाड ताडपत्रीच्या. माझ्या पाठीचं माप घेतलं. मग टेप पुन्हा लावून पाहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, लग्नाच्या कोटाचं तुझं माप अजून आहे माझ्या जुन्या वहीत. पाठ दोन बोटं वाकली रे तुझी.

मी म्हटलं, तुझी टेप ताणली असेल.

म्हणाला, असेल. पट्टे जरा रुंद लावतो, खांद्याला रुतणार नाहीत.

त्याच्याबद्दल क्षणभर वाईट वाटलं. परवाच्या परीक्षेत त्याचं काय होणार हे त्याला ठाऊक नाही.

२४ मार्च, सकाळी ७

आज परीक्षा. दोन केळी खाल्ली. ही म्हणाली, अहो, तिसऱ्या मजल्यावर आपल्या ओळखीचं कोणी राहतं का? विचारून ठेवा. तिचा टोमणा कळला, पण शुभ दिवशी तोंड उघडलं नाही.

२४ मार्च, दुपारी ३

सविस्तर लिहवत नाही. तरी नोंद हवी.

वायरमन अकरा मिनिटांत वर. जन्मभर खांब चढला, त्यात कौतुक काय? कंपाउंडर सोळा मिनिटं. दवाखान्यात दिवसभर उभं राहायची सवय. शिंपी चौदा मिनिटांत. प्रत्येक मजल्यावर खोकत होता, पण पाय थांबले नाहीत. पंचेचाळीस वर्षं पायाने मशीन चालवलंय, पोटऱ्या लोखंडाच्या झाल्यात. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

मग मी. पहिला मजला उत्तम. दुसऱ्यावर बुटाची नाडी बांधायला बसलो. तिसऱ्यावर भिंत जवळ आली. छातीत काहीतरी धावत होतं आणि ते माझ्या पुढे निघालं होतं. जिन्यात कोणी नव्हतं. शेजारी लिफ्टचं दार होतं. अडतीस वर्षांची सवय. बोट आपोआप बटणाकडे गेलं, त्यात माझी इच्छा नव्हती.

सातव्यावर उतरून शेवटचा मजला चढायचा असा बेत होता. पण मी आत शिरेपर्यंत वर कुणीतरी बटण दाबलं, आणि आमची जुनी लिफ्ट आधी दाबलेल्याचंच ऐकते. लिफ्ट सातव्यावर थांबलीच नाही. आठव्यावर दार उघडलं. समोर तिघे उभे. कंपाउंडरच्या हातात घड्याळ.

आणि माझ्या तोंडून निघालं, आठवा मजला, सावकाश उतरा.

वायरमन इतका हसला की त्याला जिन्यावर बसावं लागलं. शिंपी हसला नाही. माझ्या पाठीवरची बॅग त्याने काढून घेतली आणि स्वतःच्या बॅगेबरोबर खाली नेली. जिन्याने.

२५ मार्च

निकालावर आक्षेप आहेत. एक: नियमात लिफ्ट वापरू नये असं लिहिलेलं नाही, फक्त जिन्याने चढावं असं आहे. दोन: माझी नाडी एकशे अठ्ठेचाळीस लागली म्हणतात, पण कंपाउंडर रिटायर झाल्याला दहा वर्षं झाली. तीन: केळी.

लेखी आक्षेप कंपाउंडरला दिला. त्याने वाचून खाली लिहिलं, पाचवा नियम पाहा.

२७ मार्च

शांतपणे विचार केला. खिंड या वेळी नकोच. लोकांच्या जिवाची काळजी पुढाऱ्यानेच करायची. तलाव किती सुंदर! सपाट वाट, दोन तास, थंड हवा, मासे. पाण्याजवळ माणसाचं मन शांत होतं. हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय.

२८ मार्च

कंपाउंडरला भेटलो, तलावाचे फायदे सांगितले. म्हणाला, कप्तान, माणूस इथून तिथे जाऊन साचलेलं पाणी बघत बसतो का? माझंच वाक्य माझ्यावर. त्याची बायको आत हसत होती. माझं वाक्य त्या घरात बऱ्याचदा बोललं गेलेलं दिसतं.

३० मार्च

वायरमनला भेटलो. तो गच्चीत वायर गुंडाळत होता. मी मासे, थंड हवा सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, चौघांची सात बटणं. आम्ही तेव्हाच मोजली. मी डबा तुझ्या डोक्यावर उपडा करणार होतो. शिंपी म्हणाला, जाऊ दे, त्याला खिंडीची हौस आहे, पुढच्या वर्षी मी नसणार, या वेळी त्याच्या मनासारखं होऊ दे.

वायरमनच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण.

मी विचारलं, कसली बटणं? तो वायर गुंडाळत राहिला.

१ एप्रिल

सकाळी शिंपी घरी आला. सहा मजले जिन्याने. बसला, पाणी प्यायला. म्हणाला, दोघांना मी तयार केलंय. तलावावर जाऊ, चौघं. त्यांची एकच अट आहे, तू एकदा म्हणायचंस की ती बटणं मी टाकली. बस. हसतील, विसरून जातील.

मी म्हटलं, कसली बटणं?

त्याने खिशातून तीन काळी बटणं काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, अरे, तुझ्या युनिफॉर्मला मीच शिवलीत ही. चार भोकांची, मागे माझा निळा दोरा अजून आहे बघ. मला खिंड तशीही नको होती. तू हवा होतास. नुसतं हो म्हण.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्यासमोर? चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासमोर चूक कबूल केलेली नाही. आता एकदा केली की मागच्या सगळ्या काढेल.

मी म्हटलं, अशी बटणं बाजारात पुष्कळ मिळतात.

शिंप्याने एक बटण उलटं करून दोरा पाहिला. मग म्हणाला, मिळत असतील. बटणं उचलून खिशात टाकली आणि उठला. त्याचा खोकला पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता.

ही म्हणाली, तुमच्या कोटाची तीन बटणं गेलीत ते मला नऊ तारखेपासून माहीत आहे. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी काही बोलणार नव्हते. आता मात्र बोलणार.

दुपारपर्यंत बोलली.

४ एप्रिल

तिघे खिंडीतच जाणार म्हणे, निकाल तो निकाल. पण माझ्यासाठी नियम मोडतील. आयत्या वेळी येतील, चल कप्तान म्हणतील. माझ्याशिवाय वाट कोण दाखवणार? नकाशा माझ्याकडे आहे. पेपरातला आहे, पण नकाशा आहे.

बूट पॉलिश केले.

७ एप्रिल

कोणी आलं नाही. तयारीत असतील.

शिंप्याच्या दुकानावर नवा बोर्ड लागला. मोबाइल दुरुस्ती. मशीन टेम्पोत घालून मुलीकडे रवाना झालं. शिंपी खिंडीवरून परत इकडे येणार नाही, तिकडूनच परस्पर मुलीकडे जाणार, असं ही सांगत होती. तिला कोणी सांगितलं? त्यानेच, जिन्यात. मला सांगायला लिफ्टमध्ये यावं लागलं असतं.

९ एप्रिल

ठरलं. उद्या सकाळी मीच खाली जाऊन उभा राहणार. निरोपाच्या वेळी माणूस मऊ असतो. शिंप्याला बाजूला घेऊन हळूच सांगून टाकीन बटणांचं. हिच्या कानावर जाणार नाही अशा बेताने.

१० एप्रिल, सकाळी ६.३०

लिफ्ट बंद. दारावर कागद: दुरुस्ती चालू, दोन दिवस सहकार्य करावे.

उतरणं जमतं मला, ते एकवीस मार्चला सिद्ध झालंय. पण परत वर? दोन दिवस खाली कुठे बसायचं? दुकान तर मोबाइलवाल्याचं झालं.

१० एप्रिल, सकाळी ७

गॅलरीतून पाहिलं. तिघेही खाली. पाठीवर हिरव्या बॅगा, एकसारख्या. मी हाक मारली. गाडीवाल्याने इंजिन चालू ठेवलं होतं. पुन्हा हाक मारली. कंपाउंडरने वर पाहून हात केला, जसा कावळ्यांना करतात. शिंपी बॅगेचा पट्टा ओढत होता, त्याने वर पाहिलं नाही. खोकल्यात ऐकू आलं नसेल. गाडी गेली.

ही खाली दूध आणायला गेली होती. सहा मजले चढून आली, दम नाही, काही नाही. हातात चौथी हिरवी बॅग. म्हणाली, शिंपीभावोजींनी तुमच्यासाठी ठेवलीय, खास तुमच्या मापाची. काही निरोप? तर म्हणाली, नाही. बोलले नाहीत काही.

बॅगेच्या झाकणाला तीन काळी बटणं. चार भोकांची. निळा दोरा.

पट्टे रुंद आहेत. खांद्याला रुतत नाहीत. घरातल्या घरात घालून बघितलं.

१३ एप्रिल

हिने बॅगेत कांदे भरले. म्हणाली, हवा छान खेळते, आणि बटणं लावली की एक कांदा बाहेर येत नाही. पक्की शिवलीत.

१७ एप्रिल

कंपाउंडर आणि वायरमन परत आले. काळे पडलेत, बारीक झालेत, तरुण दिसतात. नाक्यावर भेटले. खिंड सोपी निघाली म्हणाले. शिंपी सगळ्यात पुढे होता. शेवटच्या चढावर खोकलाही थांबला त्याचा. वर हवाच तशी.

फोटो दाखवला. खिंडीतली टपरी, तिघे उभे, आणि मध्ये एक रिकामं लाकडी स्टूल. मी विचारलं, हे काय? वायरमन म्हणाला, हा तू. कंपाउंडर म्हणाला, तुझ्या नोकरीतलंच वाटलं आम्हाला, म्हणून मुद्दाम मध्ये घेतलं. दोघे बराच वेळ हसत होते.

म्हणजे फोटोत मी आहे. आणि मधोमध. ही गोष्ट विसरता कामा नये.

शिंप्याचा पत्ता कंपाउंडरने जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून दिला.

२० एप्रिल

आज शिंप्याला पत्र. आधी इथे कच्चं लिहितो, मग चांगल्या कागदावर उतरवीन.

मित्रा, पत्राला उशीर झाला, माफ कर. पत्ता तीन दिवसांपूर्वीच मिळाला. बॅग पोचली. मापात बरोबर आहे, रोज वापरात असते. एक गंमत सांगतो. काल ट्रंकेतून युनिफॉर्मचा कोट काढून पाहिला, तर त्याची तीन बटणं खरोखरच कमी आहेत. कुणी काढली असतील? मी हिला विचारलं, तर ती नुसती बघत राहिली. तुझ्या ध्यानात काही आलं तर लिही. मी रागावणार नाही.

इथे तुझ्या दुकानात मोबाइलवाला बसतो. खुर्च्या चार ठेवल्यात, पण बसा म्हणत नाही. दोघे संध्याकाळी येतात असं ऐकतो, मी गेलो की घरी निघालेले असतात. योगायोग.

पुढच्या उन्हाळ्याचं मी ठरवून टाकलंय. कुठेही जायचं नाही, सरळ तुझ्याकडे यायचं. मतदान नको. फक्त कंपाउंडरने पत्त्यात घर कितव्या मजल्यावर ते लिहिलेलं नाही. तिथे लिफ्ट आहे का, आणि असली तर चालू असते का, एवढं लवकर कळव. वाट पाहतो. खरंच लवकर कळव.